हिंदी क्रियापद : प्राथमिक व्याकरण (खानदेश)

हिंदी क्रियापदाचे प्राथमिक व्याकरण म्हणजे धातू ओळखणे, त्याला काळाचा प्रत्यय लावणे, 'होना'चे योग्य रूप जोडणे आणि क्रियापदाचे लिंग-वचन कोणाशी जुळवायचे ते ठरवणे. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात हिंदी लहानपणापासून कानावर पडते: भुसावळच्या फलाटावर, रावेर-सावद्याकडच्या केळीच्या व्यवहारात, बऱ्हाणपूर-सेंधव्याच्या बाजारात. त्यामुळे शब्द बहुतेकांना आधीच ठाऊक असतात. चुकते ते क्रियापद, आणि तेही मुख्यतः दोन जागी: लिंगात आणि कर्त्याला लागणाऱ्या 'ने'मध्ये.

धातू काढणे सोपे आहे. मराठीत 'णे' काढतो तसा इथे 'ना' काढायचा: जाना–जा, लिखना–लिख. खरी सुरुवात 'होना'पासून करावी. वर्तमानकाळात हूँ, है, हो, हैं आणि भूतकाळात था, थे, थी, थीं ही आठ रूपे न अडखळता यायला हवीत. 'लड़की जाती है' आणि 'लड़कियाँ जाती हैं' यांत 'जाती' तसेच राहते, अनेकवचन फक्त 'हैं'वरच्या अनुस्वारात दिसते. सहायक क्रियापद नसेल तर तो अनुस्वार मुख्य क्रियापदावर येतो: लड़कियाँ गईं. आदरार्थीही 'हैं'च लागते, म्हणून हा अनुस्वार सुटला की वचन आणि मान दोन्ही जातात.

रोजची क्रिया सांगताना धातूला ता, ते, ती लावून पुढे 'होना'चे रूप ठेवतात: मैं जाता हूँ, हम जाते हैं. मराठीतले 'मी जातो' एकाच शब्दात संपते, म्हणून नवशिका 'मैं जाता' म्हणून थांबतो. नकारात हे चालते (मैं नहीं जाता), होकारात वाक्य अर्धवट राहते. खानदेशची बोली अहिराणी घरात बोलणाऱ्यांची अडचण थोडी वेगळी. 'मी करस', 'तो करस' यांत लिंग नाही, त्यामुळे मुलींच्या तोंडी 'मैं करता हूँ' सहज येते. इथे 'करती' हवे. भविष्यकाळातही तसेच. मराठीतले 'जाईन' स्त्री-पुरुष दोघांचे, हिंदीत मात्र पुरुष 'जाऊँगा' म्हणतो आणि स्त्री 'जाऊँगी'.

चालू क्रियेत हीच अहिराणी मोठी मदत करते. प्रमाण मराठीच्या 'मी जात आहे'वरून आलेला विद्यार्थी आत्ताच्या क्रियेलाही 'मैं जाता हूँ' म्हणतो. 'तो काम करी ऱ्हायना', 'ती करी ऱ्हायनी' हे ज्याच्या कानात आहे त्याला 'वह काम कर रहा है', 'वह कर रही है' परके वाटत नाही. रचना तीच आहे, शेवटी 'है' जोडायचे विसरू नये एवढेच. शिक्षकांनी वर्गात अहिराणीला दडपण्यापेक्षा हे साम्य फळ्यावर मांडावे. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात (1907) खानदेशी, म्हणजे अहिराणी, मराठीबरोबर न ठेवता भिल्ली भाषांच्या खंडात घेतली होती, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता 'ने'. सकर्मक क्रियापदाच्या पूर्ण भूतकाळात हिंदी कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालते: राम ने रोटी खाई. हे मराठीसारखेच आहे. पण मराठीत मी, तू, आम्ही, तुम्ही यांना हा 'ने' दिसत नाही (मी भाकरी खाल्ली), हिंदीत तो लागतोच: मैंने रोटी खाई. म्हणून 'मैं रोटी खाया' ही चूक सर्रास ऐकू येते. त्याहून अवघड आहेत ती क्रियापदे, जिथे दोन्ही भाषांचे नियम उलट पडतात. 'मी चहा प्यालो' याचे हिंदी 'मैंने चाय पी'. बोलणारा पुरुष असला तरी 'पी'च, कारण चाय स्त्रीलिंगी आहे. 'मी हिंदी शिकलो' होते 'मैंने हिंदी सीखी'. याउलट 'त्याने केळी आणली' मध्ये 'ने' आहे आणि हिंदीत नाही: वह केले लाया. लाना, भूलना, बोलना आणि सकना, चुकना जोडलेली क्रियापदे 'ने' घेत नाहीत. ही यादी पहिल्या आठवड्यातच भिंतीवर लावावी. कर्माला 'को' लागला की जुळणी थांबते: मैंने बहनों को बुलाया. 'मी बहिणींना बोलावले' हे त्याचे मराठी भावंड, त्यामुळे इथे फारसे कोणी अडत नाही.

या पूर्ण भूतकाळाची सहा रूपे नियमाने बनत नाहीत: किया, दिया, लिया, पिया, गया, हुआ. स्त्रीलिंगी की, दी, ली, पी, गई, हुई.

कर्माप्रमाणे क्रियापद चालवायचे तर नामाचे लिंग माहीत हवे, आणि हिंदीत नपुंसकलिंग नाही. घर, दूध, दही, पानी हे पुल्लिंगी, पुस्तक स्त्रीलिंगी. मराठीत पुल्लिंगी असलेले आवाज, विजय, आत्मा हिंदीत स्त्रीलिंगी, तर व्यक्ति पुल्लिंगी. उपाय एकच: नवे नाम वहीत कधी एकटे लिहू नये, 'मेरी पुस्तक', 'मेरा घर' असे जोडीने लिहावे. मग त्याच ओळीत 'मैंने पुस्तक ली', 'मुझे पुस्तक लेनी है' अशी दोन वाक्ये भरावीत. शेवटचे वाक्य विशेष उपयोगी आहे. बाजारात चालणारे 'मेरे को जाने का है' हे 'मला जायचे आहे' याचे शब्दशः हिंदी. व्यवहार होतो, पण लेखनात आणि परीक्षेत 'मुझे जाना है' हेच बरोबर.

आज्ञार्थात चूक नात्याची होते. 'काका, तुम्ही बसा' वरून 'चाचाजी, तुम बैठो' निघते आणि ऐकणाऱ्याला ते उद्धट वाटते. मराठीतल्या आदरार्थी 'तुम्ही'ला हिंदीत 'आप' आहे, आणि त्याचे क्रियापद 'बैठिए'. करना, देना, लेना, पीना यांची आदरार्थी रूपे मात्र कीजिए, दीजिए, लीजिए, पीजिए अशी पाठच करावी लागतात.