लबकचे दिवे: परसातून दिसलेलं, फाइलीत उतरलेलं

उडत्या तबकड्यांचा विषय निघाला की अमेरिकी हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ या तबकड्यांच्या तपासाचे दोन आकडे हमखास समोर येतात: १२,६१८ नोंदी, त्यांपैकी ७०१ न उलगडलेल्या. आकडे खरे आहेत, पण साध्या माणसाने पाहिलेलं लष्कराच्या कागदावर कसं उतरायचं हे त्यांतून कळत नाही. त्यासाठी एखादं प्रकरण मुळापासून बघावं लागतं. मला त्यात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते लबकचं.

लबक हे पश्चिम टेक्सासच्या सपाट, कापूस पिकवणाऱ्या मुलखातलं शहर. २५ ऑगस्ट १९५१ च्या रात्री, नऊ वाजून गेल्यावर, तिथल्या टेक्नॉलॉजिकल कॉलेजातले काही प्राध्यापक एका सहकाऱ्याच्या परसात गप्पा मारत बसले होते. भूगर्भशास्त्र, रसायन अभियांत्रिकी, पेट्रोलियम अशा विषयांतली ही मंडळी. अचानक उत्तरेकडून निळसर-हिरव्या दिव्यांचा अर्धवर्तुळाकार थवा डोक्यावरून गेला आणि काही सेकंदांत दक्षिणेला दिसेनासा झाला. आवाज अजिबात नाही. कुणालाच नीट बघायला मिळालं नव्हतं, म्हणून पुन्हा दिसलं तर कुणी कशावर लक्ष ठेवायचं हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून घेतलं. थोड्या वेळाने दिवे पुन्हा आले.

पुढच्या आठवड्यांत त्यांना ते बरेचदा दिसले. दिवे सेकंदाला साधारण ३० अंश सरकतात, एवढं त्यांनी काढलं. अडलं ते उंचीपाशी. दिवे शंभर फुटांवर असतील, तर डोक्यावरून जाताना त्यांचा वेग ताशी पन्नास-साठ किलोमीटर भरतो, म्हणजे पक्ष्याचा. पन्नास हजार फुटांवर असतील तर तोच वेग ताशी २९ हजार किलोमीटरच्या घरात जातो. उंची काढायला त्यांनी मोजलेल्या अंतरावर दोन तुकड्या बसवल्या, हातात वायरलेस संच दिले. तिथे काहीच दिसलं नाही. अशाच एका रात्री ते बाहेर ताटकळत असताना घरी असलेल्या बायकांना मात्र दिवे दिसले होते!

ऑगस्ट संपता संपता एका विद्यार्थ्याने कॅमेऱ्यात पाच छायाचित्रं टिपली. स्थानिक वर्तमानपत्राने ती छापली आणि लबकचं नाव देशभर झालं. पण चित्रांत दिवे इंग्रजी व्ही अक्षरासारखे मांडलेले होते, आणि आम्ही पाहिलं ते असं नव्हतं, असं प्राध्यापकांचं म्हणणं पडलं.

जवळच्या रीस हवाई तळावरून प्रकरण ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावर गेलं. तिथे हे काम नवं नव्हतं. जून १९४७ मध्ये केनेथ अर्नोल्ड या खासगी वैमानिकाने माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू पाहिल्यावर वर्तमानपत्रांनी ‘उडती तबकडी’ हा शब्द रूढ केला आणि हवाई दलाला तपास सुरू करावा लागला. १९४८ चा ‘प्रोजेक्ट साइन’, मग ‘ग्रज’. ग्रजच्या काळात नोंदी झटकून टाकण्याकडेच कल होता. १९५१ च्या अखेरीस ते काम कॅप्टन एडवर्ड रपेल्ट यांच्याकडे आलं आणि मार्च १९५२ मध्ये त्याचं ‘ब्लू बुक’ झालं.

रपेल्ट स्वतः लबकला गेले, हे मला महत्त्वाचं वाटतं. प्राध्यापकांचं त्यांनी ऐकलंच, पण नैर्ऋत्येला ब्राउनफील्डजवळ राहणाऱ्या एका वयस्क शेतकऱ्याकडेही ते गेले. त्यानेही दिव्यांचे थवे जाताना पाहिले होते. तिसरा थवा मात्र खाली उतरला, घराभोवती फिरला आणि ओरडला. तेव्हा ते चिखल्या पक्षी असल्याचं त्याला कळलं. चिखल्या म्हणजे आपल्या टिटवीच्याच कुळातला, पांढुरक्या पोटाचा. शहरात रस्त्यांवर नुकतेच मर्क्युरी दिवे लागले होते, तो निळसर उजेड पोटावर पडला की थवा चमकणार. रात्री रस्त्याच्या दिव्यांवरून बगळ्यांची रांग जाताना पाहिलेल्याला हे पटायला वेळ लागू नये. पण वन्यजीव अधिकाऱ्याने सांगितलं की चिखल्या एवढ्या मोठ्या थव्याने सहसा उडत नाहीत. प्राध्यापकांनाही पक्षी मान्य नव्हते.

१९५६ च्या पुस्तकात रपेल्ट यांनी लिहिलं की एका शास्त्रज्ञाला साधं, नैसर्गिक उत्तर सापडलं आहे, पण त्याचं नाव गुप्त ठेवायचा शब्द दिल्यामुळे ते सांगता येत नाही. शब्द पाळला हे चांगलं, पण वाचकाला पडताळून बघायला हातात काहीच राहिलं नाही. तिथेच हे प्रकरण बिघडलं, असं माझं ठाम मत आहे. पुढे वाढवलेल्या आवृत्तीत त्यांनी उत्तर दिलं: मर्क्युरी दिव्यांच्या उजेडात चमकणारे पतंग, म्हणजे रात्री उडणारे कीटक. १९६० मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, ते वारले. छायाचित्रांबद्दल हवाई दलाचा निष्कर्ष तेवढाच राहिला: बनावट असल्याचं सिद्ध झालं नाही, अस्सल असल्याचंही नाही.