गेमच्या ऑफिशियल खेळण्यांवरून फॅन लोक एवढे का पेटतात, त्याचा मागचा इतिहास

२०२५ मध्ये ठोकळे जोडायची खेळणी बनवणारी लेगो आणि पोकेमॉन हा गेम एकत्र येणार अशी घोषणा झाली तेव्हा आमच्या सांगली-मिरजेच्या गेमिंग ग्रुपवर रात्रभर नुसता धुमाकूळ चालला होता. खेळणी अजून कोणी बघितली पण नव्हती, तरी निम्मे म्हणत होते की आता पोकेमॉनमधल्या पिकाचूचं तोंड चौकोनी करून वाट लावणार आणि निम्मे पैसे साठवायच्या गप्पा करत होते. घरातल्या मोठ्यांचा प्रश्न ठरलेला, एवढे घोडे झालात, प्लास्टिकच्या बाहुलीवरून कसली भांडणं करताय रं? प्रश्न काय चुकीचा नाही, पण उत्तर द्यायचं तर बरंच मागं जावं लागतंय.

माझं म्हणणं आधीच सांगतो. फॅन किमतीवर कुरकुरतो हे खरं, पण तो मनापासून चिडतो तो वेगळ्याच गोष्टीवर, ज्यानं हे खेळणं बनवलं त्यानं तो गेम कधी हातात तरी घेतला होता का. मागच्या तीसेक वर्षातली कुठलीही मोठी बोंबाबोंब उघडून बघा, आत हेच निघतं.

सुरुवात तशी उलटी आहे. निन्टेंडो ही कंपनी १८८९ ला क्योटोमध्ये हनाफुदा म्हणजे जपानी पत्ते बनवायला सुरू झाली, आणि व्हिडिओ गेमच्या कितीतरी आधी खेळणीच विकत होती. १९६६ ला त्यांचा अल्ट्रा हँड आला, कैचीसारखा लांब होणारा हात, तो गुनपेई योकोई यांनी बनवलेला, आणि तो दहा लाखांच्या वर खपला. पुढं १९८३ ला अमेरिकेत गेमचा बाजारच बसला, दुकानदार गेम म्हटलं की नको म्हणायला लागले, तेव्हा १९८५ ला निन्टेंडोने आपलं मशीन तिकडं विकताना सोबत रॉब नावाचा प्लास्टिकचा रोबो दिला, म्हणजे दुकानदाराला वाटावं की हे खेळणं आहे. गेम विकायला खेळण्याचा आधार घ्यावा लागला असा तो काळ.

मग चक्र फिरलं आणि गेममधली पात्रं बाहुल्या होऊन दुकानात यायला लागली. इथून तक्रारींचा इतिहास सुरू होतो. १९९३ ला हॅस्ब्रोने स्ट्रीट फायटर २ च्या बाहुल्या काढल्या, पण त्या त्यांच्या जी.आय.जो या सैनिकांच्या मालिकेत घालून. जुने साचे, जुने हातपाय, वर नवीन डोकं आणि रंग, सोबत लष्करी गाड्या पण. आता स्ट्रीट फायटर खेळलेल्या माणसाला सांगा, तिथं सगळा खेळ हाताचा आणि लाथेचा, त्यातल्या र्‍यूला गाडी कशाला पाहिजे? तरी पण त्या वेळच्या पोरांनी त्या घेतल्या, कारण दुसरं काही मिळतच नव्हतं, आणि आज तेच लोक त्या बाहुल्या जपून ठेवतात. पुढच्याच वर्षी मॉर्टल कॉम्बॅटचं पण तसंच केलं. लायसन घ्यायचं, गोदामातला साचा काढायचा, लेबल लावायचं, हा धंदा बरीच वर्षं चालला.

आपल्याकडं या सगळ्याचा वास पण नव्हता. नव्वदच्या दशकात सांगलीत ज्यांचं बालपण गेलं त्यांना विचारा, गेम म्हणजे टीव्हीला जोडायचं ते आठ बिटचं डुप्लिकेट मशीन, पिवळी नाहीतर काळी कॅसेट, ती चालली नाही की काढून फुंकर मारायची आणि परत घालायची, आणि नेमकं कॉन्ट्राच्या शेवटच्या बॉसला लाईट जायची. नाहीतर स्टँडच्या बाजूला गेम पार्लर, तिथं कॉइन टाकून मुस्तफा खेळायचा. त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमने १९९३ ला काढलेला, पण अख्ख्या भारताने त्याला त्यातल्या एका पात्राच्या नावानंच ओळखलं. त्याच नावाच्या कार्टूनची खेळणी टायको कंपनीने तिकडं अमेरिकेत विकली होती. इथं मुस्तफावर जीव टाकणाऱ्या पोरांना ते माहीत असतं तर काय झालं असतं, मला अजून वाटतंय.

आमच्या हातात काय आलं, तर तासगावच्या रथोत्सवातल्या, नाहीतर मिरजेच्या उरुसातल्या पालांवर टांगलेल्या बाहुल्या. टोपी मारिओची पण निळी, मिशी चिकटवलेली आणि घरी येईपर्यंत निघालेली. पण त्यातून एक सवय लागली, पारखायची. आणि खरं तर ती सवय आम्हाला आधीपासून होतीच. दिवाळीत किल्ला करताना मावळे आणायला गेलं की पोरं काय करतात बघा, प्रत्येक मावळा उचलून फिरवून बघायचा, तलवार सरळ आहे का, पगडीचा रंग ओघळलाय का, महाराजांची मूर्ती मोठी आणि तोफ नखाएवढी असं तर होत नाही ना. अॅमीबो म्हणजे निन्टेंडोच्या पात्रांच्या छोट्या बाहुल्या, त्या विकत घेताना जपानमधला माणूस जे करतो तेच हे.

आमच्या पिढीच्या हातात आलेली पहिली ऑफिशियल वस्तू म्हणजे टॅझो. पोकेमॉनचे गेम जपानमध्ये १९९६ ला आले, पण आपल्याकडं गेम कोणी बघितला होता, आपल्याकडं २००३ ला कार्टून नेटवर्कवर कार्टून आलं आणि त्यानंतर चिप्सच्या पाकिटातून त्या गोल चकत्या. कडेला बारीक खाचा, एकात एक अडकवून मनोरे करायचे, तेलकट झालेल्या शर्टाला पुसायच्या. चारिझार्डच्या बदल्यात चार-पाच साधे द्यावे लागायचे, वर्गात त्याचा बाजारच भरायचा. त्यात कोणी कधी "हा चुकीचा दिसतोय" म्हटल्याचं आठवत नाही, कारण चित्र थेट मूळ होतं. साधी चकती, पण पात्र खरं. लोकांना एवढंच पाहिजे असतं.

तिकडं २०११ ला मोठा बदल झाला. अॅक्टिव्हिजनने स्कायलँडर्स काढला, त्यात बाहुली एका चौथऱ्यावर ठेवली की ती गेममध्ये उतरायची, आतल्या चिपमध्ये तिची प्रगती साठवलेली, म्हणजे मित्राच्या घरी नेली तरी तुझी ती तुझीच. त्याच्यामागं २०१३ ला डिस्ने इन्फिनिटी, २०१५ ला लेगो डायमेन्शन्स. आता खेळणं नुसतं शोपीस राहिलं नाही, ते गेमचाच तुकडा झालं, आणि मग फॅनचा हक्क पण वाढला. नवीन पात्र खेळायचं तर नवीन बाहुली घ्या, यावर आईबाप वैतागले, दुकानात माल साचला, आणि २०१६ ला डिस्नेने आपला गेम बंदच करून टाकला. ज्यांच्याकडं डबे भरून बाहुल्या होत्या त्यांना वाईट वाटलंच की, नवीन काही येणार नाही आता.

या सगळ्यात निन्टेंडोच्या अॅमीबोची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. आधी प्रदर्शनात नमुने दाखवलेले, सुंदर, बारीक रंगकाम, आणि नोव्हेंबर २०१४ ला प्रत्यक्ष दुकानात आल्यावर लोकांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. लिंक या पात्राच्या पायाखाली आधाराला एक जाडजूड पिवळसर पारदर्शक दांडी होती, ती अशा जागी की त्यावर काय काय बोललं गेलं ते इथं लिहीत नाही. राग नुसता दिसण्याचा नव्हता. मार्थ, व्हिलेजर, वी फिट ट्रेनर ही पात्रं एवढी कमी बनवली की दुकान उघडायच्या आधी रांगा, आणि आत जाईपर्यंत दलालांनी उचललेली. मारिओ ढिगानं पडलेला आणि मार्थ औषधाला नाही. कंपनीला वाटलं मार्थ कोणाला माहितीय, आणि जे लोक वर्षानुवर्षं त्याच्यासोबत खेळले त्यांना हे वाक्य फार लागलं, की आमचं पात्र तुमच्या हिशोबात किरकोळ आहे. पुढं मार्थ परत छापला, तेव्हा जरा शांत झालं. त्यातच गंमत म्हणजे कारखान्यातून चुकून सामस या पात्राची एक बाहुली दोन्ही हातांना तोफा लावून बाहेर पडली, ती ऑनलाइन लिलावात २५०० डॉलरला गेली. नीट बनवलेलीवर तक्रार आणि बिघडलेलीला सोन्याचा भाव, पण फॅनच्या डोक्यानं बघितलं तर पटतं, ती तशी एकच होती.

लेगोचं प्रकरण बघा, तिथं ऐकून घेतलं की काय होतं ते दिसतं. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या दुनियेच्या गेमचा संच बनवा अशी मागणी लोकांनीच त्यांच्या साइटवर टाकली आणि १०,००० मतं दोन दिवसात जमली. २०१२ ला संच आला, पण फार छोट्या मापाचा, नेहमीची लेगोची माणसं त्यात बसत नव्हती. लोकांनी घेतला, खुश पण झाले आणि मागणी लावून धरली की माणसांच्या मापाचा द्या, तो २०१४ ला दिला. आज दुकानात जे दिसतात ते त्यातूनच आलेत. मारिओला मात्र २०२० मध्ये वेगळं केलं, डोळ्यांना आणि पोटाला स्क्रीन असलेला, रंग ओळखून आवाज करणारा मोठा मारिओ. लहान पोरांना तो भारी आवडला, आणि मोठे फॅन म्हणाले आम्हाला साधा छोटा माणूस पाहिजे होता शेल्फवर ठेवायला. माझं मत विचाराल तर दोघं पण बरोबर. त्याच वर्षी २,६४६ तुकड्यांचा जुन्या निन्टेंडो मशीनचा संच आला, बाजूचा दांडा फिरवला की छोट्या टीव्हीवर मारिओ पळतो, तो मोठ्यांसाठी होता आणि त्यावर कोणी ब्र काढला नाही. ते बनवणाऱ्यानं लहानपणी तो गेम खेळलाय हे बघताक्षणी कळतं.

आणि मग फॉलआउट ७६ हा गेम. हे खेळण्यापेक्षा वस्तूंचं प्रकरण, पण यानं सगळ्यांचे कान टवकारले. नोव्हेंबर २०१८, २०० डॉलरची खास पेटी, त्यात हेल्मेट आणि कॅनव्हासची पिशवी असं जाहिरातीत लिहिलेलं, आणि पेटी उघडली तर आत पातळ नायलॉनची पिशवी. कंपनीनं आधी भरपाई म्हणून गेममधल्या पैशाचे, म्हणजे अॅटमचे, ५०० दिले, म्हणजे पाचेक डॉलरचा माल. लोक खवळले ते खवळलेच, डिसेंबरमध्ये शेवटी खऱ्या कॅनव्हासची पिशवी देऊ म्हणून कबूल करावं लागलं. पिशवी केवढीशी, पण लिहिलं एक आणि दिलं एक, हे आपल्या हळदीच्या पेठेत पण कोणी खपवून घेत नाही. तेव्हापासून कुठलंही कलेक्टर एडिशन जाहीर झालं की पहिला प्रश्न मटेरियल काय, फोटो नमुन्याचा आहे की खऱ्या मालाचा.

आता सांगलीत हे सगळं कसं पोचतंय. गेम मोबाईलवर फुकट किंवा स्वस्त येतो, पण खेळणं बंदरातून येतं. खेळण्यांवरचा आयात कर २०२० ला २० टक्क्यांवरून ६० टक्के झाला आणि २०२३ ला ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून प्रत्येक खेळण्यावर आयएसआयचं चिन्ह सक्तीचं. पोरांच्या तोंडात जाणारा रंग विषारी नसावा म्हणून ते चिन्ह पाहिजेच, याबद्दल माझं दुमत नाही, आणि देशी कारखान्याला आधार मिळावा हेही पटतं. पण त्याचा परिणाम असा की बाहेरची एखादी चांगली बाहुली इथं येईपर्यंत किंमत कुठल्या कुठं गेलेली असते, आणि हरभट रोडवर त्याच बाहुलीची नक्कल अगदी स्वस्तात लटकत असते. त्यामुळं आमच्याकडं प्रतिक्रिया देणारे खूप आणि विकत घेतलेले थोडे. ज्याच्याकडं खरी आहे त्याच्या घरी जाऊन सगळे बघतात, हातात घेऊन सांधे हलवतात, मग ग्रुपवर लिहितात. काही पोरं आता थ्रीडी प्रिंटरवर स्वतःच पात्रं काढतात, रंग हाताने, आणि त्यातली काही कामं दुकानातल्यापेक्षा सरस आहेत, कारण भुवयीचा कोन किती असतो हे त्यांना गेम खेळून खेळून पाठ झालेलं असतं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० ला राजी हा गेम काढला, दुर्गेनं त्रिशूळ दिलेली मुलगी भावाला शोधायला निघते त्याची गोष्ट. त्या राजीची नीट बनवलेली मूर्ती मला पाहिजे, खरंच पाहिजे. जो कोणी ती करेल त्यानं आधी तो गेम शेवटपर्यंत खेळावा, ती भिंतीवरून पळताना त्रिशूळ कसा धरते ते बघावं, आणि मगच साचा पाडावा.