वाचकाभिरुची

वाचकाभिरुची : वाचणाऱ्याला कोणत्या मजकुरात रस वाटतो, तो कशासाठी परत येतो आणि काय नसले की त्याला चुकल्याचुकल्यासारखे होते, या सगळ्याला मिळून वाचकाभिरुची म्हणतात. साहित्यचर्चेत अभिरुची हा शब्द रसिकतेचा दर्जा सांगायला वापरतात. तो अर्थ इथे नाही. इथे प्रश्न दर्जाचा नसून ओढीचा आहे. संपादक आणि नियमित लिहिणारे या शब्दाला जोडूनच एक व्यवहार गृहीत धरतात : वाचकांना काय भावते ते ताडायचे आणि तेच अधिक द्यायचे. ऐकायला हे सरळ वाटते, पण यातले ‘तेच’ म्हणजे नेमके काय, हे ठरवताना बहुतेकांची फसगत होते. लेख गाजला की त्याचा विषय गाजला असे धरून त्याच विषयावर आणखी पाच लेख पाडले जातात. वाचकाला मात्र त्या लेखातली भलतीच एखादी गोष्ट आवडलेली असते.

वाचकांचा अंदाज बांधण्याची धडपड नियतकालिकांइतकीच जुनी आहे. 1711 मध्ये लंडनला निघालेल्या ‘स्पेक्टेटर’ या दैनिक पत्रात जोसेफ ॲडिसन याने दहाव्याच अंकात हिशेब मांडला : रोज 3,000 प्रती खपतात, एक प्रत वीस जण वाचतात, म्हणजे वाचक झाले 60,000. वीस हा आकडा त्याने कुठून आणला हे विचारण्यात अर्थ नाही. पण खप आणि वाचक या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे त्याच्या ध्यानात आले होते. दोन वर्षांनी ‘गार्डियन’ या पत्रासाठी (आजच्या त्या नावाच्या दैनिकाशी याचा संबंध नाही) एका कॉफीगृहात सिंहाचे तोंड कोरलेली पेटी बसवली गेली. वाचकांनी आपली पत्रे त्या जबड्यात टाकायची.

वाचकांचा खरा कौल मात्र क्रमशः छापल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांना मिळू लागला. दर महिन्याला एक भाग आणि दर महिन्याला विक्रीचा आकडा, म्हणजे लिहिणे चालू असतानाच निकाल हातात. चार्ल्स डिकन्स याची ‘पिकविक पेपर्स’ 1836 मध्ये सुरू झाली तेव्हा तिची विक्री रडतखडत चालली होती. चौथ्या भागात सॅम वेलर हा हजरजबाबी नोकर आला आणि चित्र पालटले. कादंबरी संपता संपता महिन्याचा खप सुमारे 40,000 वर पोचला होता. डिकन्सने वेलरला पुढच्या भागांत भरपूर जागा दिली. ‘अधिक द्या’ या सूत्राचे यश म्हणून हे उदाहरण नेहमी सांगितले जाते. त्याच लेखकाची दुसरी गोष्ट तितकी सांगितली जात नाही. 1843 मध्ये ‘मार्टिन चझलविट’ चालू असताना खप 20,000 च्या आसपास अडकला. डिकन्सने नायकाला थेट अमेरिकेला धाडले. नवा देश आला, नवी पात्रे आली, पण खप जेमतेम तीनेक हजारांनी वाढला. पहिल्या वेळी वाचकाने एक पात्र उचलून धरले होते आणि लेखक त्याच्या मागे गेला होता. दुसऱ्या वेळी वाचकाने काहीच मागितले नव्हते. त्याला देखावा बदलून हवा असेल हा लेखकाचा तर्क होता. दोन्हींना ‘वाचकाला हवे ते देणे’ असेच म्हणतात, ही या विषयातली मोठी गफलत.

वाचकाची नाराजी तर त्याच्या आवडीपेक्षाही स्पष्ट बोलते. आर्थर कॉनन डॉइल याने 1893 च्या डिसेंबरमध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात शेरलॉक होम्सला दरीत ढकलून मारले, तेव्हा वीस हजारांवर वर्गणीदारांनी मासिक सोडल्याचे सांगतात. डॉइलला स्वतःच्या ऐतिहासिक कादंबऱ्या श्रेष्ठ वाटत होत्या, आणि तो तसे बोलूनही दाखवी. तरी 1901 मध्ये होम्सची जुनी हकीकत म्हणून एक कादंबरी आली आणि 1903 मध्ये तो चक्क जिवंत परतला.

सांगणे आणि वाचणे : या विषयाला शास्त्राची बैठक मिळाली ती अमेरिकेत आयोवा विद्यापीठात. पुढे जनमत चाचण्यांमुळे नाव झालेला जॉर्ज गॅलप याने 1928 मध्ये तिथे आपला पीएच. डी.चा प्रबंध सादर केला, आणि त्याचा विषयच वृत्तपत्राच्या मजकुरातला वाचकांचा रस वस्तुनिष्ठपणे कसा मोजावा हा होता. तोवर छापील प्रश्नावली पाठवत : आपण काय वाचता? लोक उत्तर देत, अग्रलेख आणि महत्त्वाच्या बातम्या. यात कोणी मुद्दाम खोटे बोलत होते असे नाही. वाचणारा माणूस कसा असावा याचे जे चित्र मनात असते, त्याबरहुकूम उत्तर दिले जाते, इतकेच.

गॅलपची युक्ती साधी होती. प्रश्नावली बाजूला ठेवून वाचकाच्या शेजारी बसायचे. आदल्या दिवशीच्या अंकाची खूण नसलेली पूर्ण प्रत समोर उलगडायची आणि पहिल्या पानाच्या पहिल्या स्तंभापासून एकेक मथळा, एकेक चित्र, एकेक जाहिरात दाखवत विचारायचे, हे पाहिले होते का, किती वाचले? जे वाचले त्यावर तिथल्या तिथे खूण. शेवटच्या पानापर्यंत पोचेतो वाचकाच्या बोलण्यातला आणि खुणांमधला फरक डोळ्यांसमोर असे. छायाचित्रे आणि व्यंगचित्रमालिका यांच्यावर खुणाच खुणा, आणि संपादक ज्यावर सकाळपासून राबले होते ती मुख्य बातमी पुष्कळांनी मथळ्यावरच सोडलेली. या पाहण्यांनंतर आयोवातल्या वृत्तपत्राने चित्रांचा मजकूर वाढवला. आजही कोणाला आपल्या वाचकाबद्दल काही जाणून घ्यायचे असेल, तर शंभर प्रश्नावल्यांपेक्षा चार वाचकांच्या शेजारी असे अंक उघडून बसणे अधिक उपयोगी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तरीही गॅलपच्या खुणांतून लोक काय वाचतात एवढेच कळते. कशासाठी वाचतात ते कळत नाही. त्या प्रश्नाचा माग एका संपामुळे लागला. 1945 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये वृत्तपत्रे पोचवणाऱ्यांनी दोन आठवड्यांहून अधिक काळ संप केला आणि शहरातली प्रमुख दैनिके घरी येईनाशी झाली. बर्नार्ड बेरेलसन या संशोधकाने या दिवसांत काही मोजक्या वाचकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. विचारायचे ते ‘काय आवडते’ असे नव्हे, तर ‘काय नाही म्हणून अडते’. बहुतेकांनी आधी ठेवणीतले उत्तर दिले : जगात काय चालले आहे ते कळत नाही. मग नेमकी कोणती बातमी पुढे काय झाली म्हणून चुटपुट लागली आहे असे खोदून विचारल्यावर अनेकांना एकही नाव घेता येईना. बोलता बोलता खरे बाहेर आले. कोणाची न्याहारीच्या वेळची सवय मोडली होती. कोणाला चारचौघांत बोलायला विषय उरला नव्हता. कोणाला हवामान आणि रेडिओचे कार्यक्रम कुठे बघावेत हे सुचत नव्हते. काही जण घरात पडलेले जुने अंक पुन्हा काढून वाचत होते. बेरेलसनचे हे काम 1949 मध्ये प्रसिद्ध झाले. रेडिओवरच्या दुपारच्या मालिका ऐकणाऱ्या स्त्रियांबद्दल हेर्टा हेर्झोग हिने 1940 च्या दशकात जे दाखवले, तेही याच वळणाचे : मालिकेतून मन मोकळे होते, आणि संसारातल्या अडचणींवर सल्लाही मिळतो. पुढे एलिहू कॅट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यातून ‘उपयोग आणि समाधान’ हा सिद्धांत उभा केला. माध्यम माणसाचे काय करते हे विचारण्याऐवजी माणूस माध्यमाचे काय करतो हे विचारा, असा त्याचा गाभा.

आकडे : पडद्यावरच्या वाचनाने मोजमाप स्वस्त केले. संकेतस्थळे लोक कशी वापरतात याचा अभ्यासक याकोब नीलसन याच्या 1997 च्या पाहणीत नवे पान उघडल्यावर 79 टक्के लोक नुसती नजर फिरवत होते आणि शब्दन्‌शब्द वाचणारे अवघे 16 टक्के होते. उघडलेल्या पानांचा आकडा आता क्षणोक्षणी दिसतो, आणि तो दिसतो म्हणूनच दगा देतो. उघडणे हा मथळ्याला मिळालेला प्रतिसाद असतो. मजकुराचा निकाल त्यानंतर लागतो. यूट्यूबने 2012 मध्ये किती वेळा पाहिले याऐवजी किती वेळ पाहिले याला महत्त्व द्यायला सुरुवात केली ती याच कारणाने. फेसबुकने 2014 मध्ये भुलवणाऱ्या मथळ्यांना आळा घालताना, दुव्यावर गेलेला माणूस किती वेळाने परत फिरतो हे पाहिले. मात्र वेळ मोजायला लागल्यावर मजकूर लांबू लागतो. मोजमापच लक्ष्य झाले की ते मोजमाप म्हणून निकामी होते, हा चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा नियम मूळचा 1975 मधल्या चलनविषयक चर्चेतला, पण लेखनाला तो अंगच्या कपड्यासारखा बसतो.

‘अधिक’ म्हणजे काय : समजा, सायकल दुरुस्तीवर नियमित लिहिणाऱ्या एकाचा पंक्चर काढण्यावरचा लेख इतर लेखांच्या कितीतरी पट वाचला गेला. त्याने धडा घेतला की लोकांना पंक्चर हवे आहे. पॅचचे प्रकार, पंपाचे प्रकार, ट्यूबलेस टायर असे तीन लेख झाले आणि तिन्ही पडले. मग त्याने मूळ लेखाखाली आलेले अभिप्राय पुन्हा वाचले. जवळजवळ सगळे एकाच परिच्छेदाबद्दल होते : पॅच नीट बसला, हवा भरली, आणि सकाळी चाक पुन्हा बसलेले, कारण टायरच्या आतून बोटे फिरवून रुतलेला काटा काढायचाच राहून गेला होता. ‘माझेही अगदी असेच झाले’ असे लोक लिहीत होते. त्यांना भावले होते ते पंक्चर नव्हते. सगळे नीट करूनही काम का फसते, हे कोणीतरी सांगितले होते. पुढचा लेख त्याने ब्रेकवर लिहिला. कोणता ब्रेक चांगला हे त्यात नव्हते. नवे रबर घालूनही ब्रेक का किंचाळतो आणि त्यात रिमला लागलेल्या तेलकट हाताचा वाटा किती, हे होते. विषय बदलला तरी देणे तेच राहिले.

काही गुण तर वाचक कधीच मागत नाही. जपानी अभ्यासक नोरिआकी कानो याने 1984 मध्ये वस्तूंच्या गुणांची जी वर्गवारी केली, तीत असून कौतुक नाही पण नसून संताप होतो असा एक वर्ग आहे. शुद्धलेखन, ठरल्या दिवशी अंक येणे आणि आकडे बरोबर असणे हे त्या वर्गातले. हे ‘अधिक’ देता येत नाही. त्यात फक्त चूक करता येते.

मर्यादा : पत्र लिहिणारा, अभिप्राय देणारा वाचक नेहमीच मूठभरांतला असतो, आणि तो उरलेल्यांसारखा असेलच असे नाही. याहून अवघड पेच असा की आवडीनुसार मजकूर बदलत गेला की ज्यांना तो रुचत नाही ते मुकाट्याने निघून जातात. राहिलेल्यांना विचारले की उत्तर येते, छान चालले आहे. पुढच्या वेळी आणखी थोडे जातात, आणि समाधान आणखी वाढलेले दिसते. वर्तुळ लहान होत असताना आकडे सुधारत राहतात. म्हणून अनुभवी संपादक वर्गणी थांबवणाऱ्यांना गाठतात. त्यांना कारण विचारले तर ‘वेळ मिळत नाही’ हे सभ्य उत्तर येते आणि संभाषण तिथेच संपते. त्याऐवजी शेवटचे पूर्ण वाचलेले काय होते असे विचारले, तर माणूस जरा थांबतो, आठवतो, आणि दोन वर्षांपूर्वी बंद झालेल्या एखाद्या सदराचे नाव सांगतो.