दख्खनी महसीर आणि वशिंडाचा महसीर

गळाने मासेमारी करणाऱ्या शौकिनांत भारतातील गोड्या पाण्याचा सर्वांत मानाचा मासा म्हणजे महसीर. दक्षिण भारतातील त्याच्या दोन जाती, दख्खनी महसीर (टोर खुद्री) व वशिंडाचा महसीर (टोर रेमादेवी), कावेरी नदीत दीर्घकाळ एकाच नावाखाली पकडल्या गेल्या. त्यांच्यातील फरक ओळखण्यास झालेला विलंब दुसऱ्या जातीला फार महाग पडला.

दख्खनी महसीराचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केले. त्याचा मूळ नमुना पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेतून मिळालेला होता. आज त्या पात्रातील पाण्याची अवस्था पाहिलेल्यास हे खरे वाटणे कठीण आहे. त्याचे पर निळसर करडे असतात आणि पाठीची रेषा सौम्य कमानीसारखी वर चढते. वशिंडाच्या महसीराचे डोके संपताच पाठ एकदम उंचावते, म्हणून त्याला हे नाव मिळाले. त्याचे पर, विशेषतः शेपटीचा पर, नारिंगी ते तांबूस असतात. मोठे खवले, मांसल ओठ व मिशांच्या दोन जोड्या ही लक्षणे मात्र दोघांत समान असल्याने, केवळ आकारावरून पाहणाऱ्याची फसगत होणे स्वाभाविक होते.

वशिंडाचा मासा कावेरी व तिच्या उपनद्यांपुरताच मर्यादित आहे. तो वजनाने ५० किलोग्रॅमच्या पुढे जातो. १९४६ मध्ये म्हैसूरकडील व्हॅन इंगेन यांनी गळाने पकडलेला १२० पौंडांचा (सुमारे ५४ किलोग्रॅम) मासा आजही विक्रम म्हणून सांगितला जातो. दख्खनी महसीर सामान्यतः इतका वाढत नाही. दोघेही मिश्राहारी असून फळे, कीटक, खेकडे, शिंपले व लहान मासे खातात आणि कठीण कवच घशातील दातांनी फोडतात. कावेरीकाठी नाचणीच्या पिठाचा घट्ट गोळा हे त्यांचे नेहमीचे आमिष होते. गळ लागताच खडकाळ डोहातून प्रवाहाकडे घेतलेली पहिली जोरकस धाव हे महसीराचे वैशिष्ट्य, आणि शौकिनांना त्याचे वेड लागते ते याच धावेमुळे.

१९७० च्या दशकात महसीर घटत असल्याची चिंता वाढली, तेव्हा टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्यात दख्खनी महसीराचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. पावसाळ्यात परिपक्व माद्यांपासून अंडी मिळवून, वाहत्या पाण्यात उबवून तयार झालेली बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) देशातील अनेक जलाशयांत व नद्यांत सोडण्यात आली. कावेरीही त्यांत होती. हेतू संवर्धनाचाच होता, पण जी जात वाचवायची ती नेमकी कोणती, हे तपासले गेले नव्हते. कावेरीकाठच्या भीमेश्वरीसारख्या मासेमारी शिबिरांत पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडण्याची आणि त्याची नोंद ठेवण्याची प्रथा होती. १९९८ ते २०१२ या काळातील अशा नोंदींचा अभ्यास झाला, तेव्हा निळ्या परांच्या माशांची संख्या वाढत गेलेली आणि नारिंगी परांचा मोठा मासा दुर्मीळ होत गेलेला दिसून आला. धरणे, वाळूउपसा व सुरुंगाने केलेली मासेमारी यांचाही यात वाटा मानला जातो, त्यामुळे सगळा दोष बोटुकल्यांवर ढकलता येत नाही.

नावाचा घोळ तर आणखी जुना आहे. वशिंडाच्या माशाला अनेक वर्षे 'मुसुल्ला' म्हटले गेले, पण साइक्स यांनी त्या नावाने वर्णिलेला मासा वेगळ्याच प्रजातीचा ठरला. अखेर २०१८ मध्ये, केरळातील, कावेरीच्याच खोऱ्यातील पांबार नदीतून २००७ साली वर्णिलेला टोर रेमादेवी तोच हा मासा असल्याचे निश्चित झाले आणि धोक्यातील जातींच्या जागतिक लाल यादीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' म्हणून झाली. आधी 'संकटग्रस्त' मानला गेलेला दख्खनी महसीर आता 'किमान चिंता' या वर्गात आहे. महाराष्ट्रात देहू व आळंदी येथे इंद्रायणीतील आणि महाडजवळ वाळणकोंडीतील महसीर देवाचे मानले जातात व तेथे त्यांना कोणी गळ लावत नाही.