मायक्रोआरएनएची रक्ततपासणी केली की कोलोनोस्कोपी नको?

‘मोठ्या आतड्याचा कर्करोग शोधायला रक्तातले मायक्रोआरएनए तपासले की कोलोनोस्कोपीची (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने आतून केलेली तपासणी) गरज नाही,’ हा समज बरीच वर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबून कुणी तपासणी टाळली तर जिवावर बेतू शकतं.

मायक्रोआरएनए म्हणजे पेशींमधल्या आरएनए या जनुकीय रेणूचे जेमतेम २२ अक्षरांचे तुकडे; ते जनुकांना आवर घालतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मिर-२१ हा मायक्रोआरएनए वाढतो आणि गाठ रोखणाऱ्या पीडीसीडी४ या जनुकाला दाबतो. मिर-१४३ आणि मिर-१४५ मात्र घटतात. इथपर्यंत खरं. पण मिर-२१ इतर अनेक कर्करोगांत, अगदी नुसत्या दाहातही वाढतो. नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या तरी काही मायक्रोआरएनएंचे आकडे बदलतात. म्हणून नुसत्या या आकड्यांवर विसंबता येत नाही. कोलोनोस्कोपीत मात्र पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आलेली वाढ, डोळ्यांना दिसतो आणि बहुतेकदा तिथल्या तिथे काढताही येतो, कर्करोग होण्याआधीच.