जंगल एका मतदारसंघात, तहान अनेकांत

पर्यावरण जपणारा आमदार निवडून द्या, असे आवाहन खानापूर-बेळगावात अलीकडे ऐकू येते. यापूर्वी इथे मत ठरायचे ते सीमाप्रश्नावर. जंगल, नदी, शेतवडी हे विषय नव्हते असे नाही, पण त्यांवर कोणी पडत नव्हते आणि निवडूनही येत नव्हते. हे बदलू लागले ते कळसा-भांडुरामुळे.

म्हादई उगम पावते खानापूर तालुक्यात, मलप्रभाही याच तालुक्यात, कणकुंबीला. एक गोव्याकडे जाते, दुसरी सौंदत्तीच्या धरणाकडे. कळसा आणि भांडुरा हे नाले म्हादईच्या खोऱ्यातले. त्यांचे पाणी मलप्रभेत वळवायचे, ही कर्नाटकची योजना. केंद्राने एप्रिल 2002 मध्ये तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि गोव्याने हरकत घेताच त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती स्थगित केली. तरीही 2006 मध्ये कणकुंबीत पायाभरणी झाली. पाणीतंट्यासाठी लवाद नेमला गेला तो 2010 मध्ये, म्हणजे खोदाई आधी आणि न्यायनिवाडा मागाहून. चोर्ला रस्त्याने पणजीला जाणाऱ्यांनी तो खोदलेला कालवा पाहिलेलाच आहे.

लवादाचा निकाल 14 ऑगस्ट 2018 चा. कर्नाटकला एकूण 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट). ऐकायला भरपूर, पण त्यातले 8.02 टीएमसी वीजनिर्मितीसाठी. मलप्रभेत वळवायला मिळाले कळशाचे 1.72 आणि भांडुऱ्याचे 2.18, मिळून 3.9 टीएमसी. ते पिण्यासाठी. आणि खरी मेख इथेच आहे. सिंचन प्रकल्प म्हटला की पर्यावरण परवानगी, जनसुनावणी हे सगळे मागे लागते. पिण्याच्या पाण्याला ते लागत नाही. 2019 मध्ये केंद्रीय मंत्रालयाने याच आधारावर परवानगीची गरज नसल्याचे पत्र दिले, गोव्यात ओरड झाल्यावर दोनच महिन्यांत ते बाजूला ठेवले. इकडे हे पाणी मागणाऱ्या, मलप्रभेकाठच्या नरगुंद-नवलगुंदच्या आंदोलनात शेतकरी उतरले होते ते पिकांसाठीही. डिसेंबर 2022 मध्ये सुधारित आराखडा मंजूर झाला तेव्हा विधानसभा निवडणूक पाच महिन्यांवर होती. तो मंजुरीचा आनंद कोणासाठी होता, हे सांगायला नको.

मलप्रभेच्या शेतकऱ्याला राज्यकर्ते दबकून असतात, त्याला कारण आहे. 1980 मध्ये पाणीपट्टी आणि करांवरून नरगुंद-नवलगुंद पेटले, गोळीबार झाला आणि 1983 मध्ये राज्यात पहिल्यांदा सत्तांतर झाले. ही आठवण सगळ्याच पक्षांना आहे. नाले एका खानापूर मतदारसंघात, पाणी मागणारे मात्र नरगुंद, नवलगुंद, रामदुर्ग, सौंदत्ती आणि हुबळी-धारवाडच्या जागांवर. खानापूरच्या आमदाराने नाले वळवू नका म्हटले, तर त्याला आधी स्वतःच्याच पक्षाशी भांडावे लागते. सीमाभागातल्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या उमेदवाराला ही अडचण नव्हती, पण सत्तेत नसलेल्या एकट्या आमदाराचे ऐकणार कोण, हाही प्रश्न होताच.

मतदारही एकमार्गी नाही. नाले वळवायला विरोध करणारीच गावे पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रालाही विरोध करतात. 2011 चा गाडगीळ आणि 2013 चा कस्तुरीरंगन असे दोन अहवाल, त्यानंतर केंद्राच्या अधिसूचनेचे मसुद्यांमागून मसुदे. सहावा मसुदा जुलै 2024 चा, आणि सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कस्तुरीरंगन अहवालच नाकारला. भीमगड अभयारण्य डिसेंबर 2011 मध्ये जाहीर झाले, सुमारे 190 चौरस किलोमीटरचे. आतल्या गावांना रस्ता नाही, पूल नाही. 2024 च्या पावसाळ्यात आमगावातून एका आजारी महिलेला खांद्यावरून चिखल-ओढे तुडवत बाहेर काढावे लागले. त्यानंतर पुनर्वसनाची चर्चा जोरात सुरू झाली. कुटुंबामागे 15 लाख रुपये आणि तळेवाडीपासून सुरुवात. अशा गावात जंगल वाचवा म्हणत मत मागायला जाणाऱ्याला पहिला प्रश्न रस्त्याचाच विचारला जाणार.

बेळगाव शहरालगतचे प्रकरण वेगळे. हालगा-मच्छे बायपास वडगाव-शहापूरच्या तिबारपिकी जमिनीतून जातो, जिथे बेळगाव बासमती पिकते. शेतकरी न्यायालयात गेले, तरी 2021 मध्ये पोलीस बंदोबस्तात शिवारात जेसीबी शिरलेच. रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा, म्हणजे निर्णय दिल्लीचा. भूसंपादनाचे कागद मात्र राज्याच्याच अधिकाऱ्यांच्या हातातून जातात, आणि आमदाराचा शब्द चालायचा असेल तर तो तिथे चालतो. येत्या 2028 च्या निवडणुकीत उमेदवाराला विचारायचे झाले तर एवढेच विचारता येईल: नाले वळवण्याचा विषय विधानसभेत आला, तेव्हा किंवा येईल तेव्हा, पक्षाचा व्हिप एकीकडे आणि कणकुंबी दुसरीकडे असताना तुमचा हात कुठे वर होणार?