मळ्यातलं कुत्रं (खानदेश)

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे शेतावर राखणीला जे गावठी कुत्रं असतं ते मळ्यातलं कुत्रं. विकत कुणी आणलेलं नसतं, नाव मोत्या नाहीतर वाघ्या, फारतर टायगर. मालक कोण विचारलं तर नाव शेतमालकाचं सांगतात, पण खरं ते सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, कारण भाकर तो टाकतो आणि रात्रीची सोबतही त्यालाच. आता गंमत अशी की सालदाराचं वर्ष आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) संपतं, तो हिशोब करून दुसऱ्याच्या मळ्यात जातो आणि कुत्रं तिथंच राहतं, चार दिवस बांधावर बसून वाट बघतं आणि मग नव्या सालदाराच्या मागे फिरायला लागतं.

शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची, त्यामुळे कापसाला नाहीतर केळीला पाणी द्यायला माणूस बॅटरी घेऊन निघतो तेव्हा पुढे कुत्रं चालतं, साप असेल तर तेच आधी थांबतं. रानडुकरावर भुंकणं वेगळं, माणसावर वेगळं, ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. सातपुड्याच्या पायथ्याला यावल-रावेर पट्ट्यात बिबट्या येतो आणि त्याला कुत्रं म्हणजे सोपी शिकार, म्हणून भुंकणारं कुत्रं एकदम गप होऊन खाटेखाली शिरलं की माणूसही दार लावून घेतो.

ठेलारी मेंढपाळांचं वेगळं. त्यांचं कुत्रं वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाडाबरोबर, गावोगाव चालतं, म्हणजे त्याची जागाच चालती. भीती लांडग्याची, तो नरडं धरतो, म्हणून मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात. खरं तर कुत्रा लांडग्याच्याच वंशातला, माणसाजवळ येऊन निदान 14-15 हजार वर्षं झालीत, तरी भावकीतलं भांडण काही मिटलेलं नाही.

देवाधर्मात मान आहे. खंडोबासोबत कुत्रं असतंच, चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की त्यातला घास कुत्र्याला. सारंगखेड्याची यात्रा घोड्यांसाठी गाजते पण देव तिथला एकमुखी दत्त, आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्री म्हणजे चार वेद मानतात. एरवी त्याच वेदांना ओट्यावरून हाड हाड.

गावातल्या मोकाट कुत्र्यांचं मात्र अवघड झालंय. 2023 च्या केंद्राच्या नियमांत नसबंदी आणि रेबीजची लस करून कुत्रं जिथून उचललं तिथंच सोडायचं असं आहे, पण मळ्यापर्यंत कुत्री उचलायची गाडी कोण नेतो! चावलं तर अजूनही कुणी मिरची भरतं, कुणी चुना लावतं. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करायची, कुत्रं घरचं असलं तरी, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही.